डाव्या हाताचा माऊस

३ ऑगस्ट

बाळ्या,

लंबूदादा ड्रायव्हर तुमच्या गावचा माल उतरवून परत तिकडे निघालाय आणि फक्त माझ्या पत्रासाठी लाँड्रीच्या मागच्या दाराशी ट्रक लावून थांबलाय. एका हातात इस्त्री आणि एका हातात पेन, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

आम्ही दोघी बऱ्या आहोत. खोली शिंप्याच्या दुकानावर आहे. खाली दिवसभर मशीन खडखडतं ते मला बरं वाटतं, थांबलं की कान टवकारतात. जिना लाकडी आहे. घरमालकीणबाई तिसऱ्या पायरीवर दम खातात, ठकी एक पायरी गाळून उड्या मारत येते. तिसरा कुठलाही आवाज आला की मी आधी कडी लावते. परवा गॅसवाला आला तर मी ठकीला कपाटामागे उभी केली. त्या घरातून निघून चार महिने झाले, तरी रोज सकाळी वाटतं, ठकीचा बाप आज दारात उभा राहणार.

बरं, काम असं की ठकीला माऊस हवाय. तू जुळवून दिलेल्या कॉम्प्युटरवर ती वर्गातल्या चार मुलींबरोबर ऑनलाइन गेम खेळते, आणि पंचवीस तारखेला त्यांची स्पर्धा आहे. आत्ताचा माऊस उजव्या हाताचा आहे आणि एकदा दाबलं की दोनदा दाबल्यासारखं करतो, असं ती म्हणते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण चार महिन्यांत पोरीने पहिल्यांदा काहीतरी मागितलंय, त्यामुळे नाही म्हणवेना.

एक मात्र खरं सांग. ऑनलाइन म्हणजे त्याला दिसणार नाही ना? त्याचा धंदाच नेटवर्कची कामं करण्याचा. मागच्या वेळी एका फोनवरून त्याने आम्हाला मावशीच्या घरी शोधून काढलं होतं. म्हणून तर फोन टाकून दिला आणि ही पत्रं सुरू केली. माझी समजूत घालायला म्हणून काहीबाही लिहू नकोस.

ताई

५ ऑगस्ट

ताई,

अगं, गॅसवाल्याला तरी सोड! आणि माझ्या हातात दुरुस्तीचं दुकान असताना तुम्ही पोरीला दोनदा दाबणाऱ्या माऊसवर कसं खेळू दिलंत? त्याची कळ झिजली आहे. तो फेकून दे.

आता नीट वाच, कारण या विषयात तुझा भाऊ पंडित आहे. माऊस घेणं म्हणजे चप्पल घेण्यासारखं. दुकानदार मोठमोठे आकडे तोंडावर फेकतात, सेन्सर इतका वेगवान आणि तितका वेगवान. आकड्यांना भुलायचं नाही. एवढा वेग कुणाच्या मनगटाला झेपत नाही. आधी हात बघायचा. ठकीचा हात कागदावर ठेवून पेन्सिलीने बाजूने रेघ काढ. मग मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत किती, आणि अंगठा सोडून तळव्याची रुंदी किती, ते मोज. ती माऊसवर अख्खा तळवा टेकवते की नुसत्या बोटांनी धरते, तेही बघ. माऊस साठ-सत्तर ग्रॅमचाच हवा. जड माऊस घेऊन तासभर खेळलं की मनगट बोंबलतं.

तिची खरी अडचण डावखुरेपणाची आहे. बहुतेक माऊस उजव्या पंजाच्या आकाराचे असतात. जे दोन्ही हातांना चालतात म्हणून सांगतात, त्यांची अंगठ्याची बटणं डाव्या हाताने धरल्यावर भलतीकडेच जातात. पण शोधतो. भाचीसाठी पाताळातून आणीन.

भीतीचं म्हणशील तर गेममधलं तिचं नाव मी नवं घालून दिलंय आणि अनोळखी माणसांशी बोलायची सोय बंद केली आहे. तिथे लाखो लोक खेळत असतात. त्यात कोण कुणाला ओळखणार? तू जरा शांत झोप.

बाळ्या

८ ऑगस्ट

बाळ्या,

मापं घे. लांबी साडेपंधरा सेंटीमीटर, रुंदी सात. तळवा टेकवत नाही, बोटांनी धरते. कागदही सोबत दिलाय.

कागदावर बघशील तर अंगठ्याशेजारचं पहिलं बोट एका पेराने कमी आहे. मी कधी तुझ्याशी यावर नीट बोलले नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने रागात दार आपटलं तेव्हा तिचा हात चौकटीत होता. नंतर ढसाढसा रडला, दवाखान्यात तिला मांडीवर घेऊन बसला, आणि डॉक्टरांना मीच सांगितलं की दार वाऱ्याने लागलं. ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. बोट बरं झाल्यावर त्यानेच तिला मधल्या बोटाने कळ दाबायला शिकवलं. तासन् तास दोघं खेळायचे. मी त्या खोलीत जात नसे.

तेव्हा माऊस मधल्या बोटाने दाबता येईल असा हवा. पण बोटाचं बाहेर कुणाजवळ काढू नकोस. ती खूण आहे, बाळ्या. पोरीचं नाव बदललं, शाळा बदलली. बोट कुठून बदलू?

काल कामावर नव्या बाईने सहज विचारलं, नवरा काय करतो. मी म्हटलं, वारला. मग त्याच विचारात एक चादर जाळली.

ताई

११ ऑगस्ट

ताई,

मिळाला! सात दुकानं पालथी घातली, कुठेच नव्हता. छोट्या डाव्या हाताचा माऊस आता कुणी बनवतच नाही म्हणे. शेवटी एका ओळखीच्याकडे निघाला, त्याच्या कपाटात नवाकोरा पडून होता. अठ्ठावन्न ग्रॅम! पैसे घ्यायलाही तयार नाही, म्हणतो लेकराच्या हातात जाऊ दे.

बोटाबद्दल मी चकार शब्द काढलेला नाही. मापं आणि डावा हात, एवढंच सांगितलं. कळ मधल्या बोटाकडे कशी फिरवायची ते सोपं आहे, माऊस तुमच्या हातात आला की मी एका कागदावर लिहून पाठवीन.

पार्सल थेट तिकडे येईल, घरमालकीणबाईंच्या नावाने. लंबूदादा उद्यापासून पाच दिवस सुट्टीवर आहे आणि पोरीला सरावाला दिवस कमी उरलेत, म्हणून असं केलं. काळजीचं कारण नाही.

बाळ्या

१७ ऑगस्ट

बाळ्या, लबाडा,

नंतर कागदावर लिहून पाठवतो म्हणालास, आणि गुपचूप सगळं आधीच करून पाठवलंस होय? चौदा तारखेला पार्सल आलं. मी कामावरून नुकतीच आले होते. ठकीने माऊस काढून हाताखाली घेतला आणि तशीच बसून राहिली. मी विचारलं, काय गं, आवडला नाही? तर म्हणाली, आई, यात काहीच बदलायला नको. कळ मधल्या बोटाखाली आधीच फिरवलेली. वर बोट घसरू नये म्हणून खरखरीत रबराचा इवलासा तुकडा चिकटवलेला, कडा तासून. पहिल्या बोटाची कळ तर बंदच करून टाकली आहेस, म्हणजे तोकडं बोट लागून गडबड नको. एवढा विचार आपल्यासाठी कुणी करतं, हे मी विसरून गेले होते. जिन्यात जाऊन रडले, आणि नंतर पोट धरून हसलेही, कारण घरमालकीणबाईंना वाटलं मला दाढदुखी झाली.

पार्सलवाला आला तेव्हा बाई बाहेर गेल्या होत्या, म्हणून सही मीच केली. घाईत माझंच नाव लिहून गेले. चालतं ना?

तीन दिवस झाले, ठकी फारशी बोलत नाही, खेळत असते. सकाळी आठला मी कामावर येते आणि तिची शाळा दुपारची, तेव्हा तेवढा वेळ तिला एकटीला मिळतो. पूर्वी मी आठ ते साडेअकरा जीव मुठीत धरून इस्त्री फिरवायचे. आज गाणं गुणगुणले. लंबूदादा आला रे आला की हे पत्र द्यायचं म्हणून लिहून ठेवलंय.

ताई

१८ ऑगस्ट, सकाळी सहा

ताई,

वाचता वाचता इस्त्री बंद कर. हे पोचेपर्यंत दुपार होईल, ठकी शाळेत असेल. लंबूदादाच्या ट्रकमध्ये बस, शाळेच्या दाराशी जा, तिला घे. खोलीवर दोघीही जाऊ नका. कपडे राहू देत, कॉम्प्युटर राहू दे.

ती कळ मी फिरवलेली नाही. रबर मी लावलेलं नाही. माऊस माझ्या हातात आलाच नव्हता.

तो ओळखीचा माणूस नाही, ताई. मी खोटं लिहिलं. माऊसवेड्या लोकांचा ऑनलाइन गट आहे, तिथे मी विचारलं की साडेपंधराच्या डाव्या हाताला लहान मुलीसाठी माऊस कुठे मिळेल. एका माणसाने तासाभरात उत्तर दिलं. गोड बोलायचा, मापं पुन्हा पुन्हा विचारायचा, मला वाटलं माझ्यासारखाच वेडा. मी पत्ता दिला. बाईंच्या नावाने दिला म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली. त्या गटात मी दुकानाच्या नावाने लिहितो, आणि माझं दुकान ठकीच्या बापाला चांगलं माहीत आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

त्याला मी बोटाचं सांगितलं नव्हतं. मग त्याला कसं कळलं, हे तुझं पत्र वाचताना मी स्वतःला विचारलं, आणि एकच माणूस आठवला.

सही कुणी केली ते पाठवणाऱ्याला दिसतं. त्याला बहुधा तेवढंच हवं होतं. आता खोली कुणाची आहे ते त्याला कळलं.

लाँड्रीचा फोन पहाटेपासून लावतोय, कुणी उचलत नाही. लंबूदादाला सगळं सांगितलंय. तो तुम्हाला त्याच्या बहिणीकडे नेईल, कुठे ते मलाही सांगू नकोस. मी पोलिसांत जातोय.

मला शिव्या नंतर दे. आधी नीघ.

बाळ्या

२० ऑगस्ट

बाळ्या,

निघालो. अंगावरच्या कपड्यांनिशी. ठकीला वर्गातून बोलावलं तेव्हा तिने एकदाही विचारलं नाही की का. दप्तर घेतलं आणि ट्रकमध्ये येऊन बसली. मी वाटेत सांगितलं, तर खिडकीबाहेर बघत राहिली.

काल लंबूदादा आमचं सामान आणायला गेला. घरमालकीणबाईंनी त्याला जे सांगितलं ते लिहिते. काल सकाळीच साडेआठला एक माणूस आला होता. स्वच्छ कपडे, हातात खाऊची पिशवी. जिना चढून सरळ आमच्या दाराशी गेला, कडी वाजवली आणि ठकीला तिच्या जुन्या नावाने हाक मारली. दार उघडेना तेव्हा पायरीवर बसला. बाई म्हणाल्या, दहा वाजेपर्यंत बसून होता, आवाज चढवला नाही, मला काकू म्हणाला, पाणी मागितलं. बाईंना तो फार सज्जन वाटला.

साडेआठ, बाळ्या. मी आठला बाहेर पडते. आदल्या दिवशी तुझं पत्र दुपारी मिळालं नसतं, तर त्या दाराआड ठकी एकटी असती, आणि बापाचा आवाज ऐकून तिने काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी कामावर कधी जाते हे त्याला कुणी सांगितलं? रस्त्यावर उभा राहून बघत होता का? किती दिवस? मी गाणं गुणगुणत त्याच्यासमोरून गेले का? हे प्रश्न मला जेवू देत नाहीत.

तुझ्यावर मी चिडले आहे. तू पत्ता दिलास म्हणून नाही. चूक मीही केली, सही करून. पण तू मला 'ओळखीचा' असं लिहिलंस. मी घाबरते म्हणून मला खरं सांगायचं नाही, असं त्या घरात रोज चालायचं. तू तरी तसं करू नकोस.

इथे जिना नाही. दार थेट अंगणात उघडतं. मी दाराला खुर्ची लावून ठेवते.

ताई

२१ ऑगस्ट

ताई,

तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. खरं आहे. मला तुझी भीती वाढवायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर तुझी बोलणीही खायची नव्हती. यापुढे वाईट असेल ते आधी लिहीन.

तर वाईट आधी. पोलिसांनी तक्रार लिहून घेतली, पण साहेब म्हणाले, बापाने मुलीला माऊस पाठवला आणि खाऊ घेऊन भेटायला आला, यात मी काय लावू? दवाखान्यातले जुने कागद मागितलेत. त्यात तू सांगितलेलं वाऱ्याचं कारण आहे. घरमालकीणबाई जबाब द्यायला तयार आहेत. वकीलबाई सोमवारी भेटतील, त्या म्हणतात मार्ग निघेल. तुला बोटाचं खरं काय ते त्यांच्यासमोर सांगावं लागेल.

तुझ्या वेळा त्याला कशा कळल्या, ते मला सुचत नाही. पाळत ठेवली असणार.

ठकीला म्हणावं, स्पर्धा हुकली तरी मामा आहे. नवा माऊस मी स्वतः आणीन आणि लंबूदादाच्याच हाती पाठवीन. कळ मी फिरवीन, रबर मी लावीन.

बाळ्या

२३ ऑगस्ट

मामा,

हे पत्र आईने बघितलेलं नाही. मी लंबूदादाला शपथ घातली आहे. पण तू वाचलंस की आईला दाखव, कारण मला तोंडाने सांगता येत नाहीये. काल दोनदा तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि पाणी पिऊन परत आले.

मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माऊसवर हात ठेवला आणि कळलं. तसं रबर बाबाच कापतो. तू असतास तर चौकोनी कापलं असतंस, तुला कात्री नीट चालवता येत नाही.

मी आईला सांगणार होते. पण ती जिन्यात हसत होती. ती इतकी हसत होती की घरमालकीणबाई वर आल्या. मला वाटलं, उद्या सांगू.

खोक्यात खालच्या पुठ्ठ्याच्या आत चिठ्ठी होती. त्यावर गेममधलं एक नाव होतं, बाकी काही नाही. तू बंद केलेलं बोलणं कसं चालू करायचं ते मला येतं, सगळ्यांना येतं. मी ते नाव शोधलं. मला फक्त बघायचं होतं. त्याने लिहिलं, बोट दुखतं का गं थंडीत? मी लिहिलं, कधी कधी. मग आम्ही खेळलो. मामा, तो खूप चांगला खेळतो. मी हरत होते तेव्हा तो माझ्या पुढे येऊन उभा राहायचा आणि सगळं स्वतःवर घ्यायचा. तीन दिवस आम्ही रोज सकाळी खेळलो. मला खूप भीती वाटत होती आणि तरी आठ वाजायची मी वाट बघायचे.

अठराला सकाळी त्याने विचारलं, तू एकटी असतेस का? मी हो लिहिलं. आई कधी जाते? मी आठ लिहिलं. मग तो म्हणाला, उद्या एक गंमत आहे, दार उघडशील ना? मी लिहिलं, हो.

आई मला शाळेत घ्यायला आली तेव्हा मला रडू आलं नाही, म्हणून तिला वाटतंय मी धीराची आहे. मी धीराची नाही. मला आई न्यायला आली याचं बरं वाटलं आणि बाबा उद्या पायरीवर बसून राहील याचं वाईट वाटलं, दोन्ही एकदमच. आई रोज दाराला खुर्ची लावते आणि विचार करत बसते की त्याला कुणी सांगितलं. तिला सांग की कुणी पाळत ठेवली नव्हती. मीच सांगितलं. ती ओरडली तरी चालेल.

आणि मला नवा माऊस आणू नकोस. साधासुद्धा नको, उजव्या हाताचासुद्धा नको. तो मला परत शोधेल आणि परत विचारेल. आणि मामा, मी परत हो म्हणेन.

ठकी